‘मिळेल का?’ या प्रश्नाचा हिशेब

(बारावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासाठी घेतलेल्या प्रवेश मार्गदर्शन मेळाव्यातील भाषणाचं शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनीयर आहे. शिक्षणतज्ज्ञ नाही, समुपदेशकही नाही. जून-जुलैमध्ये सुट्टीच्या दिवशी मुलांचे प्रवेशाचे फॉर्म भरायला मदत करतो, एवढाच माझा अधिकार. त्या टेबलावर मला शंभरातले नव्वद लोक एकच प्रश्न विचारतात: ‘‘भाई, इतके परसेंटाइल आहेत, अमुक कॉलेज मिळेल का?’’

या प्रश्नाची दोन उत्तरं आपल्या मोहल्ल्यात तयारच असतात. पहिलं उत्तर नाक्यावरचं: ‘‘आपल्या लोकांना कुठे घेतात?’’ दुसरं उत्तर एजंटचं: ‘‘काळजी करू नका, पक्कं करून देतो.’’ एक उत्तर ऐकून मुलगा फॉर्मच भरत नाही. दुसरं ऐकून बाप कर्ज काढतो. दोन्ही उत्तरांत हिशेब नाही. आज मला तुमच्याशी या हिशेबाबद्दल बोलायचं आहे. उदाहरण इंजिनीयरिंगच्या प्रवेशाचं घेतो, कारण ते मला आतून माहीत आहे. पण रीत फार्मसीला, ॲग्रीकल्चरला, मेडिकललाही तीच लागू होते.

आधी ‘आपल्या लोकांना घेत नाहीत’ याबद्दल बोलू, कारण ते मनातून काढल्याशिवाय पुढचं काही डोक्यात शिरणार नाही.

भेदभाव कुठेच नाही असं मी म्हणणार नाही. ज्यानं शहरात भाड्यानं खोली शोधली आहे, त्याला मी काय सांगणार? सच्चर समितीचा २००६ चा अहवाल सांगतो की देशातल्या नामवंत कॉलेजांत पदवीच्या वर्गात पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम होता आणि पदव्युत्तर वर्गात पन्नासामागे एक. त्यानंतर इतकी वर्षं गेली, तरी केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२०-२१ साली एकूण विद्यार्थ्यांत मुस्लिमांचं प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आसपासच होतं. लोकसंख्येतला आपला वाटा याच्या तिपटीइतका आहे. हे आकडे खरे आहेत आणि ते बोचले पाहिजेत.

पण गळती कुठे होते ते नीट बघा. महाराष्ट्रात इंजिनीयरिंगच्या बहुतेक जागा केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे आपण ज्याला ‘कॅप’ म्हणतो त्यातून भरल्या जातात. तिथे मुलाखत नसते. समोर कोणी साहेब बसलेला नसतो. संगणकासमोर चार गोष्टी असतात: तुमचा गुणवत्ता क्रमांक, तुमचा प्रवर्ग, तुमची पात्रता आणि तुम्ही भरलेली पर्यायांची यादी. पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यापासून सुरुवात होते, त्याच्या यादीत वरून खाली जाताना जी पहिली जागा शिल्लक दिसेल ती त्याला मिळते, मग दुसऱ्याचा नंबर. तिथे शेख काय, शिंदे काय, आडनावाला काही अर्थ नसतो. म्हणजे आपली मुलं तिथे पोचल्यावर नाकारली जात नाहीत. ती तिथे पोचण्याआधीच गळतात. शाळेत गळतात, खर्चापायी गळतात, कागद नाही म्हणून गळतात. आणि काहीजण फक्त ‘मिळणार नाही’ या समजुतीपायी गळतात. आज आपल्या हातात असलेली गळती ही शेवटची आहे.

आता हिशेबाकडे येऊ.

पहिली गोष्ट, कटऑफ म्हणजे काय? पुष्कळांना वाटतं की कॉलेज आधी ठरवतं, आम्ही ९५ च्या खाली घेणार नाही. तसं नसतं. कटऑफ हा उंबरठा आधी कोणी घालत नाही. प्रवेश झाल्यावर, शेवटची जागा ज्याला मिळाली त्याचे गुण म्हणजे कटऑफ. तो मागच्या वर्षीच्या गर्दीचा निकाल आहे. यंदाची गर्दी वेगळी असेल तर कटऑफही वेगळा असेल. मागच्या वर्षी ९५.२ होता आणि तुम्हाला ९४.९ आहेत, म्हणून दार बंद झालं असं होत नाही. तुम्हाला ९५.३ आहेत म्हणून जागा पक्की झाली असंही नाही.

दुसरी गोष्ट, परसेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९४ परसेंटाइल म्हणजे शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत, आणि साधारण सहा जण तुमच्या पुढे आहेत. आता हे सहा टक्के किती माणसं? समजा तीन लाख मुलांनी परीक्षा दिली, तर तुमच्या पुढे अठरा हजार. समजा चार लाखांनी दिली, तर चोवीस हजार. परसेंटाइल तेच, पण रांगेत तुम्ही सहा हजार माणसं मागे गेलात. हे उदाहरण हवेतलं नाही. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात २०२४ साली जवळपास तीन लाख मुलं बसली होती. २०२५ साली हा आकडा चार लाखांच्या वर गेला. नामांकित सरकारी कॉलेजांतल्या जागा काही त्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून दोन वर्षांची तुलना करताना नुसतं परसेंटाइल बघू नका, गुणवत्ता क्रमांक बघा. सीईटी सेलच्या कटऑफ यादीत दोन्ही आकडे छापलेले असतात. निकाल लागल्यावर जो क्रमांक तुम्ही मनाशी काढाल तो अंदाज असतो, कारण परीक्षा दिलेले सगळेच पुढे प्रवेशासाठी नोंदणी करत नाहीत. गुणवत्ता यादी लागली की तुमचा खरा क्रमांक कळतो. हिशेब त्यावर करा.

तिसरी गोष्ट. ‘अमुक कॉलेज मिळेल का’ हा प्रश्नच अपुरा आहे. कॉलेजला एक कटऑफ नसतो. शाखेनुसार वेगळा, प्रवर्गानुसार वेगळा, मुलींसाठी वेगळा, फेरीनुसार वेगळा. पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय घ्या. तिथे कॉम्प्युटरचा खुला कटऑफ ९९.५ च्या वरच राहत आला आहे. पण त्याच आवारात, त्याच ग्रंथालयात बसून शिकणारी इतर शाखांची मुलं त्यापेक्षा बऱ्याच मागच्या क्रमांकावरून आलेली असतात. तेव्हा प्रश्न असा विचारा: या कॉलेजात, या शाखेत, माझ्या प्रवर्गात, शेवटच्या फेरीअखेर कोणत्या क्रमांकापर्यंत जागा गेली? त्या यादीत जीओपीईएनएस, एलओपीईएनएच, टीएफडब्ल्यूएस, एमआय अशी अक्षरं दिसतील. घाबरू नका. पहिलं अक्षर ‘जी’ असेल तर सर्वांसाठीची जागा, ‘एल’ असेल तर मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचं ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय, ‘एच’ म्हणजे तुमच्याच विद्यापीठ क्षेत्रातल्यांसाठी, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्यांसाठी. ‘एमआय’ म्हणजे अल्पसंख्याक जागा. पाच मिनिटांत समजतं.

आता कागद-पेन्सिल घ्या. प्रत्येक पर्यायासमोर मागच्या तीन वर्षांचा शेवटचा क्रमांक लिहा. समजा एका ठिकाणी हे आकडे १९ हजार, २६ हजार, २२ हजार असे आहेत. तुमचा क्रमांक १५ हजार असेल तर ‘बहुतेक मिळेल’ असं लिहा. २३ हजार असेल तर ‘सांगता येत नाही, अर्धीअर्धी’. ३० हजार असेल तर ‘अवघड, पण शून्य नाही’. ५० हजार असेल तर ‘नाही’. बस, हे चार शब्द पुरेत. कोणी तुम्हाला ‘७३ टक्के शक्यता’ असं दशांशापर्यंत सांगू लागलं, तर त्याला विचारा की हा आकडा आला कुठून. हातात तीन वर्षांचे तीन आकडे असताना इतकी अचूकता येत नाही. माझ्याच धंद्यातले लोक असली ‘प्रेडिक्टर’ पानं बनवतात. त्यातली बरीचशी मागच्या वर्षीचा कटऑफ तुमच्या गुणांशी ताडून हिरवा किंवा लाल रंग दाखवतात. ती वापरा, पण हिरव्या रंगावर घराचा निर्णय सोडू नका.

आपला अंदाज कितपत चालतो हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. आम्ही प्रोग्राम असाच तपासतो. मागच्या वर्षीची यादी झाकून ठेवा. त्याच्या आदल्या दोन वर्षांवरून दहा-बारा पर्यायांचे अंदाज लिहा. मग झाकलेली यादी उघडा आणि किती चुकले ते मोजा. तुम्हाला दिसेल की मोठ्या शाखांचे, भरपूर जागांचे अंदाज बरे जमतात, आणि ज्या रकान्यात दोन-तीनच जागा असतात तिथे अंदाज सपशेल चुकतात. कारण दोन जागांचा कटऑफ एखाद्याच मुलीच्या निर्णयावर हजारोंनी वरखाली होतो. छोट्या रकान्याचा आकडा पाहून खचू नका आणि हुरळूनही जाऊ नका.

फेऱ्यांचंही तसंच. पहिल्या फेरीत वर असलेली बरीच मुलं आयआयटी, एनआयटीच्या प्रवेशाकडेही डोळे लावून असतात. ती तिकडे गेली की इकडच्या जागा रिकाम्या होतात आणि रांग पुढे सरकते. म्हणून पहिल्या फेरीचा कटऑफ बघून ‘नाही’ लिहू नका. आयआयटीचं नाव निघालंच आहे तर तिथलीही एक गोष्ट सांगतो. जेईई ॲडव्हान्स्ड २०२४ मध्ये एक लाख ऐंशी हजार मुलांनी दोन्ही पेपर दिले, ४८,२४८ पात्र ठरली आणि जागा होत्या १७,७४०. म्हणजे ‘पात्र’ ठरणं आणि ‘प्रवेश’ मिळणं यांत मोठं अंतर आहे. नातेवाइकांना पेढे वाटण्याआधी क्रमांक बघा.

चौथी गोष्ट जरा बारकाईची आहे, लक्ष द्या. एक बाप मला म्हणाला, ‘‘चार कॉलेजांत प्रत्येकी पाव शक्यता आहे ना, मग चारांत मिळून एक तरी लागणारच.’’ हे गणित फसवं आहे. चारही कॉलेजांचा निर्णय एकाच क्रमांकावर होणार आहे. एकाच एसटीची चार तिकिटं काढली म्हणून चार गाड्या होत नाहीत. गाडी घाटात बंद पडली की चारही तिकिटं तिथेच अडकतात. यंदा गर्दी वाढली तर ती चारही कॉलेजांत एकदमच वाढते. तेव्हा यादीत नुसती ‘अवघड’ नावं कितीही वाढवली तरी शक्यता फारशी वाढत नाही. ती वाढते ती खालच्या पायऱ्या भरल्यानं, आणि वेगळी परीक्षा दिल्यानं. जेईई मेन जानेवारीत आणि एप्रिलमध्ये होते, दोन्हींतला चांगला गुणांक धरला जातो. सीईटीचा पेपर वेगळा, दिवस वेगळा. शिवाय राज्यातल्या खासगी कॉलेजांत काही जागा अखिल भारतीय कोट्यातून जेईई मेनच्या गुणांवर भरतात. ज्यानं फक्त सीईटी दिली, त्यानं ते दुसरं दार स्वतःच बंद केलं.

पाचवी गोष्ट, पर्यायांचा क्रम. ‘वरती अवघड कॉलेज टाकलं तर खालचं हातचं जाईल,’ ही भीती मी सगळ्यात जास्त ऐकतो. जात नाही. संगणक तुमच्या यादीत वरून खाली येतो. वरचं नाही मिळालं तर खालच्यासाठी तुमचा क्रमांक तसाच्या तसा शाबूत असतो. अवघड नाव वर टाकण्याला काहीही किंमत पडत नाही. उलट भीतीपोटी सोपं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं तर नुकसान होतं. २०२५ पासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. त्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला, दुसरीत पहिल्या तीनपैकी किंवा तिसरीत पहिल्या सहापैकी एखादा लागला, तर तो घ्यावाच लागतो आणि पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर पडता. विचार करा, ज्या मुलाला दुसरं, याहून चांगलं कॉलेज मिळू शकत होतं, तो स्वतःच्याच यादीमुळे अडकला. म्हणून यादी मनापासूनच्या आवडीच्या क्रमानं भरा. शक्यता बघून क्रम लावू नका. शक्यतेचा उपयोग एवढाच की यादी किती खोलपर्यंत न्यायची ते ठरवता येतं. आणि हे नियम दर वर्षी बदलू शकतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. मित्राच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

आता खास आपल्या घरांशी संबंधित भाग. तुमची शक्यता फक्त गुणांनी ठरत नाही, तुम्हाला किती दारं उघडी आहेत यावरही ठरते. आणि आपली पुष्कळ मुलं एकाच दारासमोर उभी राहतात.

खुलं दार सर्वांचं. खुल्या जागा कोणा एका समाजाच्या नाहीत. तुम्ही कोणत्याही प्रवर्गात असा, क्रमांक बसला तर ती जागा तुमची.

ओबीसीचं दार. बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार अशा अनेक मुस्लिम जाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. मंडल आयोगानंतर त्यासाठी लोकांनी चळवळ केली, झगडून हे मिळवलं. ‘इस्लाममध्ये जात नाही’ हे आपण अभिमानानं म्हणतो, म्हणावंच. पण धंद्यावरून आलेलं मागासपण घरात असेल तर त्यावर मिळणारा हक्क सोडण्यात कसलं पुण्य? अडचण वेगळीच असते. शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुस्लिम’ लिहिलेलं असतं. ओबीसीच्या जात प्रमाणपत्रासाठी आणि पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला, जुना खरेदीखताचा उतारा, जन्ममृत्यू नोंद असं काही शोधावं लागतं. ही शोधाशोध निकालानंतर आठ दिवसांत होत नाही. अकरावीत सुरू करा. आणि नावं बघा: एका कागदावर ‘शेख’, दुसऱ्यावर ‘शैख’, आधारवर ‘मोहम्मद’, मार्कलिस्टवर ‘महंमद’. अशा फरकांवर फाईल अडकते. नॉन-क्रिमीलेयरचा दाखला त्या वर्षी चालणारा हवा. केंद्राच्या संस्थांसाठी त्याचा नमुना वेगळा असतो आणि तो १ एप्रिलनंतर काढलेला लागतो. तुमची जात केंद्राच्या यादीतही आहे का, हे वेगळं तपासा.

ईडब्ल्यूएसचं दार. हे आपल्याकडे सर्वात कमी लोकांना माहीत आहे. ज्यांना कोणतंच जातीचं आरक्षण नाही आणि घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी २०१९ पासून दहा टक्के जागा आहेत. यात धर्माची अट नाही. ओबीसी यादीत नसलेल्या कितीतरी शेख, सय्यद, पठाण घरांना हे लागू होऊ शकतं. केंद्राच्या संस्थांसाठी जमीन आणि घराच्या मर्यादाही बघाव्या लागतात. अर्ज कोण करतो? जो चौकशी करतो तो.

अल्पसंख्याक दार. मुंबईचं साबू सिद्दीक, वांद्र्याचं रिझवी, नवीन पनवेलचं काळसेकर अशा मुस्लिम अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांत ५१ टक्के जागा राज्यातल्या मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी असतात. फॉर्ममध्ये तो पर्याय निवडला तरच त्यांसाठी तुमचा विचार होतो. हीच व्यवस्था इतर अल्पसंख्याकांसाठीही आहे. डी. जे. संघवीत गुजराती भाषकांसाठी, विवेकानंद एज्युकेशन सोसायटीच्या कॉलेजात सिंधी भाषकांसाठी जागा राखीव असतात. तेव्हा तिथला हिशेब करताना सगळ्या जागा आपल्यासाठी आहेत असं धरू नका. आणखी एक: राज्यघटनेच्या कलम १५(५) आणि १५(६) मधून अल्पसंख्याक संस्था वगळल्या आहेत. म्हणून तिथे ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसच्या भरवशावर राहू नका.

कोणीतरी विचारेलच म्हणून सांगतो, २०१४ च्या पाच टक्के मुस्लिम आरक्षणाचं काय झालं? जुलै २०१४ मध्ये अध्यादेश निघाला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं नोकऱ्यांतलं आरक्षण रोखलं, पण शिक्षणातलं रोखलं नाही. तरीही अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि त्याची मुदत संपली. त्यासाठी लोकशाही मार्गानं आवाज उठवायचा असेल तर जरूर उठवा. पण यंदाच्या हिशेबात ते धरू नका.

आता अब्बांसाठी दोन शब्द. प्रवेश मिळणं आणि परवडणं हे एकाच हिशेबाचे दोन भाग आहेत. टीएफडब्ल्यूएस म्हणून ज्या जागा असतात त्यात शिक्षण शुल्क माफ असतं, पण म्हणूनच तिथला कटऑफ साध्या जागेपेक्षा चढा असतो. यादीत त्या वेगळ्या टाकाव्या लागतात. खुल्या प्रवर्गातल्या आठ लाखांच्या आतल्या घरांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भार हलका होतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्काचा शंभर टक्के लाभ मिळतो. पण हे सगळं कॅपमधून प्रवेश घेतला तर. एजंटच्या मार्फत ‘मॅनेजमेंट’ची जागा घेतली की या सवलतींवर पाणी सोडावं लागतं. वर डोनेशन वेगळंच. डोनेशन घेणं हा महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या. जो ‘पक्कं’ म्हणतो त्याच्याकडून पावती मागून बघा.

आणि अम्मी-अब्बा दोघांसाठी एक, जरा अवघड बोलतो. माझ्या टेबलावर अशा मुली येतात ज्यांचा क्रमांक सांगलीच्या वालचंदला, नांदेडच्या एसजीजीएसला किंवा कराडच्या सरकारी कॉलेजला बसू शकतो. तिथे मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत, सरकारी किंवा अनुदानित कॉलेज आहे, वसतिगृह आहे. पण यादीत ही नावंच नसतात. का? ‘‘घरापासून लांब नको.’’ मग राहतात घराजवळची दोन-तीन कॉलेजं. मुलीनं दोन वर्षं रात्री जागून जी शक्यता कमावली, ती आपण एका वाक्यात दहावा हिस्सा करून टाकतो. नंतर म्हणतो, नशिबात नव्हतं. नशिबाला मध्ये आणू नका. काळजी असेल तर जाऊन वसतिगृह बघून या, तिथल्या मुलींशी बोला, रेक्टरला भेटा. नाही म्हणायचं असेल तर बघून नाही म्हणा. मुलालाही हेच लागू, पण मुलासाठी हे सांगायची वेळ माझ्यावर क्वचित येते, हे तुम्हीही जाणता.

शेवटी, ज्यांच्या यादीत ‘नाही’ जास्त आले त्यांच्यासाठी. हा आकडा एका दिवसाच्या तीन तासांचा आहे, तो तुमच्या अकलेचा दाखला नव्हे. पण म्हणून ‘काही फरक पडत नाही’ असं खोटंही मी बोलणार नाही. चांगल्या कॉलेजात कंपन्या जास्त येतात, सोबतची मुलं चांगली असतात, फरक पडतो. मात्र पुढेही दारं आहेत. दहावीनंतर पॉलिटेक्निक केलेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, त्याचीही कॅप असते. बी.एस्सी. करून एमसीए करता येतं. साध्या कॉलेजातून गेट देऊन आयआयटीत एम.टेक.ला जाणारी मुलं दर वर्षी असतात. आणि अकरावीत बसलेल्यांनो, तुमचा क्रमांक अजून लिहिला गेलेला नाही. सीईटीत गणिताच्या प्रश्नाला दोन गुण आहेत, भौतिक आणि रसायनच्या प्रश्नाला एक. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साधारण वीस टक्के भाग अकरावीचा असतो, जो आपल्याकडे कोणी पुन्हा उघडून बघत नाही. शक्यता तिथे वाढते.

आज घरी गेल्यावर तीन कामं करा. एक, सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून मागच्या तीन वर्षांच्या कटऑफ याद्या उतरवून घ्या आणि वीस पर्यायांचा तक्ता करा. दोन, घरातले सगळे दाखले टेबलावर मांडा, प्रत्येकावरचं नाव आणि तारीख तपासा, काय कमी आहे ते लिहून काढा. तीन, घरात सगळ्यांसमोर विचारा की कोणत्या गावापर्यंत पाठवायची तयारी आहे, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर कारण काय.

मग पुढच्या वेळी कोणी नाक्यावर म्हणालं, ‘‘आपल्याला कुठे मिळतं?’’ तर त्याच्यापुढे तो तक्ता ठेवा. त्यात काही ठिकाणी ‘नाही’ असेल, काही ठिकाणी ‘अर्धीअर्धी’, काही ठिकाणी ‘बहुतेक’. पण तो तुमचा हिशेब असेल, तुमच्या हातचा. तक्ता करताना कुठे अडलात तर या रविवारी आणि पुढच्या रविवारी आम्ही इथेच बसणार आहोत. येताना दाखल्यांच्या झेरॉक्स आणा.

आता प्रश्न विचारा.